माहितीचे कोठार : प्रश्न अनेक, फेरी एक

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लग्नघरातील कोठीची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कोठीच्या किल्ल्या घरातील एखाद्या जाणत्या बाईच्या कमरेला असतात. पहाटेपासून मागण्या सुरू होतात. चहाला साखर हवी, शिऱ्याला साखर हवी, पन्ह्याला साखर हवी. प्रत्येक मागणीसरशी कुलूप काढावयाचे, पोत्यापर्यंत जावयाचे, मापाने साखर काढावयाची आणि पुन्हा कुलूप लावावयाचे असे ठरविले, तर त्या बाईचा सारा दिवस येरझारांतच जाईल आणि पंगत खोळंबेल. जाणती बाई तसे करीत नाही. ती दारातच क्षणभर थांबते, आणखी कोणाला काय हवे आहे ते विचारून घेते, आणि एका फेरीत सर्वांचे काम उरकते.

संगणकात साठविलेल्या माहितीच्या कोठाराचीही गोष्ट अशीच आहे. तेथेही अनेक खाती, अनेक अधिकारी एकाच सुमारास आपापले प्रश्न घेऊन दाराशी उभे असतात. हे प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी पुष्कळदा एकमेकांचे सोयरे असतात. त्यांची उत्तरे स्वतंत्रपणे काढण्याऐवजी एकत्र विचार करून काढली, तर वेळ, वीज आणि सार्वजनिक पैसा यांची मोठी बचत होते. ही बचत कशी साधते, तिच्यात कोणत्या अडचणी आहेत आणि कोणत्या बाबतीत जपून राहावे लागते, हे समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

खिडकी आणि कोठार

कचेरीत किंवा दुकानात संगणकावर चालणारे काम स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. पहिले काम खिडकीवरचे. शिधापत्रिकाधारक येतो, त्याचा क्रमांक पाहिला जातो, धान्य दिले जाते आणि एक नोंद होते. येथे एका वेळी एकाच शिधापत्रिकेशी संबंध येतो आणि काम क्षणात उरकावे लागते. दुसरे काम हिशेबाचे. गेल्या दहा वर्षांत कोणत्या तालुक्यात किती गहू उचलला गेला, असे कोणी विचारले तर एका नोंदीने उत्तर मिळत नाही. त्यासाठी कोट्यवधी नोंदी चाळाव्या लागतात.

ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर चालली, तर हिशेबाच्या ओझ्याने खिडकीवरची रांग थांबते. यास्तव खिडकीवरच्या नोंदींची प्रत ठरावीक काळाने वेगळ्या जागी न्यावी, ती निर्दोष करून एका पद्धतीने लावून ठेवावी आणि हिशेबाचे सर्व प्रश्न तेथेच विचारावेत, अशी कल्पना पुढे आली. आय.बी.एम. कंपनीतील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी अशा रचनेचा आराखडा १९८८ साली प्रसिद्ध केला. पुढे विल्यम इनमन यांच्या १९९२ सालच्या ग्रंथामुळे ‘डेटा वेअरहाऊस’ ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. या व्याख्यानापुरते तिला ‘माहितीचे कोठार’ म्हणावयाचे, आणि कोठारास विचारलेल्या प्रश्नास ‘पृच्छा’ म्हणावयाचे.

जुन्या जनगणनेचा धडा

एका फेरीत अनेक प्रश्नांची उत्तरे काढण्याची युक्ती संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील १८८० सालच्या जनगणनेचे आकडे हाताने लावण्याचे काम बहुतेक दशकभर रेंगाळले. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने भोके पाडलेली कार्डे मोजणारे यंत्र सिद्ध केले. प्रत्येक माणसाचे एक कार्ड असे, आणि त्याचे वय, लिंग, जन्मस्थान इत्यादी माहिती भोकांच्या जागेवरून कळे. यंत्राच्या दर्शनी भागावर ४० तबकड्या होत्या. कार्ड यंत्रात ठेवून दांडा दाबला की ज्या ज्या भोकातून विजेचा प्रवाह वाही, त्या त्या तबकडीचा काटा एका घराने पुढे सरके. म्हणजे कार्ड एकदाच हाताळले जाई आणि मोजण्या मात्र अनेक होत. सुमारे ६ कोटी २९ लाख लोकांची ती गणना होती. प्रत्येक प्रश्नासाठी तेवढी कार्डे पुन्हा पुन्हा हाताळावी लागली असती तर काय झाले असते, याची कल्पना सहज करता येते.

आपल्या देशात जनगणनेसाठी घरोघर जाणाऱ्या प्रगणकांत शिक्षकांची संख्या मोठी असते. नाव विचारण्यासाठी एक फेरी, वय विचारण्यासाठी दुसरी आणि शिक्षण विचारण्यासाठी तिसरी, असे कोणीही शिक्षक करीत नाही. उंबरठा एकदाच ओलांडावयाचा आणि सर्व रकाने तेथेच भरून घ्यावयाचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते, कारण तो समोर आलेली पृच्छा एकटीच आहे असे समजून कामाला लागतो.

चोवीस पृच्छांची रात्र

प्रत्यक्ष आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. पुढील उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे. समजा, एका राज्यात १०० तालुके, ५,००० रास्त भाव दुकाने आणि २० लाख शिधापत्रिकाधारक कुटुंबे आहेत. पाच जिन्नसांचे वाटप होते. वर्षाला सुमारे १० कोटी नोंदी होतात, आणि कोठारात दहा वर्षांच्या मिळून १०० कोटी नोंदी आहेत. एक नोंद १०० अक्षरांची धरली, तर एकूण मजकूर १०,००० कोटी अक्षरांचा होतो. यंत्र दर सेकंदास १० कोटी अक्षरे वाचते असे मानले, तर सर्व नोंदी एकदा वाचण्यास १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात.

मध्यरात्रीपासून सकाळी सहा वाजेपर्यंत हिशेबासाठी यंत्र मोकळे असते. या सहा तासांचे २१,६०० सेकंद होतात. निरनिराळ्या कचेऱ्यांकडून त्या रात्री २४ पृच्छा आलेल्या आहेत आणि प्रत्येकीला सर्व नोंदी वाचावयाच्या आहेत. एकामागून एक चालविल्यास केवळ वाचनालाच २४,००० सेकंद लागतील. रात्र त्यापूर्वीच संपेल, आणि शेवटच्या तीन पृच्छा अनुत्तरित राहतील.

अनुत्तरित कोणत्या राहतात, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. नित्याची प्रपत्रे ठरावीक तारखेस वर पाठवावयाची असतात. म्हणून ती आधी घेतली जातात. जी पृच्छा जड आहे आणि जिच्यासाठी कोणी तगादा लावलेला नाही, ती मागे पडते. अशी एक पृच्छा पुढीलप्रमाणे असू शकते : कोणत्या कुटुंबांनी सलग तीन महिने धान्य उचललेले नाही, आणि पूर्वीच्या वर्षांतही त्यांचे असेच झाले होते काय? दरवर्षी याच हंगामात मजुरीसाठी परगावी जाणारी कुटुंबे कोणती आणि यंदाच प्रथम दिसेनाशी झालेली कोणती, याचा उलगडा या पृच्छेने होतो. त्या दुसऱ्या यादीत अंथरुणाला खिळलेला म्हातारा असेल, बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून परत पाठविलेली विधवा असेल. धान्य न उचलणाऱ्याची त्या महिन्याची नोंदच होत नाही. म्हणून शिधापत्रिकांच्या मूळ यादीशी ताडून पाहावे लागते, आणि काम आणखी वाढते. रात्र अपुरी पडली की पहिली काट याच पृच्छेवर बसते.

अशा वेळी अधिक मोठे यंत्र विकत घ्यावे, ही सूचना ताबडतोब पुढे येते. ती प्रत्येक वेळी चुकीची असते असे नाही. परंतु त्याआधी या २४ पृच्छा एकमेकींशेजारी मांडून पाहाव्यात.

समजा, त्यांतील २० पृच्छांना कुटुंबाचा तपशील लागतच नाही. कोणाला तालुक्याचा मासिक आकडा हवा आहे, कोणाला जिल्ह्याचा वार्षिक, कोणाला प्रत्येक दुकानाची घट-वाढ. या सर्वांसाठी दुकान, महिना आणि जिन्नस यांनुसार केलेला एकच गोषवारा पुरेसा होतो. ५,००० दुकाने, १२० महिने आणि ५ जिन्नस यांचा गुणाकार ३० लाख ओळी इतका येतो. १०० कोटींच्या जागी ३० लाख ओळी वाचावयाच्या, तर त्यास तीन सेकंद पुरतात. असा गोषवारा एका फेरीत तयार केला, की वीस पृच्छांचे वाचन मिळून ६० सेकंदांत होते. उरलेल्या चार पृच्छांना कुटुंबवार नोंदी लागतात. परंतु त्याही त्याच फेरीत सहभागी होऊ शकतात, कारण नोंदी डोळ्यांखालून जातच असतात. बेरजा, तुलना आणि मूळ यादीशी ताडणी यांसाठी अधिक वेळ धरला, यंत्राची स्मरणशक्ती अपुरी पडून एकाऐवजी दोन फेऱ्या कराव्या लागल्या, तरी वाचनाचे काम तासाभराच्या आत आटोपते. रात्रीचा मोठा भाग त्या जड पृच्छेसाठी मोकळा राहतो.

एकटीचे हित आणि सर्वांचे हित

हे इतके उघड असता संगणकशास्त्रात त्यावर वर्षानुवर्षे संशोधन का करावे लागले, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची पद्धत सुचविली. तिचा मोठा गुण असा की, विचारणाराने आपल्याला काय हवे ते सांगावे आणि ते कसे शोधावे हे यंत्राने ठरवावे. ‘कसे’ ठरविणाऱ्या भागास नियोजक म्हणता येईल. त्याच प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली या नियोजकाची रीत प्रसिद्ध केली. उत्तर काढण्याच्या निरनिराळ्या मार्गांचा खर्च अजमावून त्यांतील स्वस्त मार्ग निवडणे, हे त्या रीतीचे सूत्र होते. आजचे नियोजकही मुख्यतः याच सूत्रावर चालतात. तथापि ती रीत एका वेळी एका पृच्छेचाच विचार करीत असे. टिमॉस सेलिस यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला निबंध अनेक पृच्छांचा एकत्र विचार पद्धतशीरपणे मांडणाऱ्या आरंभीच्या कामांत गणला जातो.

खरी अडचण अशी आहे की, प्रत्येक पृच्छेचा स्वतःपुरता उत्तम मार्ग हा सर्वांच्या दृष्टीने उत्तम असतोच असे नाही. स्वयंपाकघरातील उदाहरण घ्यावे. आमटी आणि उसळ एकाच दिवशी करावयाची आहे. आमटीसाठी नुसते ओले खोबरे वाटणे सोपे, उसळीसाठी नुसता कांदा परतून वाटणे सोपे. दोन्ही वेगवेगळे केले तर दोनदा पाटा धुवावा लागतो. कांदा-खोबऱ्याचे एकच वाटण दोहोंना चालवून घेतले, तर प्रत्येक पदार्थाला स्वतंत्रपणे पाहता थोडे अधिक श्रम पडतात. पण दोन्ही मिळून श्रम कमी होतात.

तक्त्यांच्या बाबतीत हेच घडते. समजा, एका पृच्छेस दुकाने, नोंदी आणि जिन्नस हे तीन तक्ते जोडावयाचे आहेत, आणि दुसरीस नोंदी, जिन्नस आणि दरपत्रक हे तीन. पहिली पृच्छा एकटी असता दुकाने आणि नोंदी आधी जोडणे स्वस्त पडते, आणि काम १० मिनिटांत होते. दुसरी एकटी असता जिन्नस आणि दरपत्रक आधी जोडणे स्वस्त पडते, आणि तिलाही १० मिनिटेच लागतात. एकूण २० मिनिटे होतात, पण दोहोंत सामाईक असे काहीच घडत नाही. आता दोघींनीही नोंदी आणि जिन्नस यांच्या जोडणीने आरंभ करावा असे ठरविले. त्यामुळे प्रत्येकीस १२ मिनिटे लागतात. परंतु त्यांतील ७ मिनिटांची जोडणी सामाईक आहे आणि ती एकदाच करावी लागते. ती बाजूस काढून ठेवण्यास १ मिनिट धरले, तरी एकूण वेळ १८ मिनिटेच होतो. दोघींनीही थोडी तोशीस सोसली आणि दोघींच्या मिळून हिशेबात दोन मिनिटे वाचली.

मात्र सामाईक भाग काढून ठेवणे दर वेळी फायद्याचे नसते. तो लिहून ठेवावा लागतो आणि पुन्हा वाचावा लागतो. हा खर्च बचतीपेक्षा अधिक झाला, तर वेगवेगळे करणेच बरे. शिवाय पृच्छा वाढल्या की सामाईक होऊ शकणारे भागही वाढतात. असे २० भाग असले, तर त्यांतील कोणते ठेवावेत आणि कोणते ठेवू नयेत याचे १०,४८,५७६ पर्याय होतात. ३० भाग असले, तर पर्याय १०७ कोटींच्या वर जातात. प्रत्येक पर्याय तपासत बसले, तर विचार करण्यातच रात्र संपेल.

पवई येथील संशोधन

या कोड्याच्या उकलीचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेशी निगडित आहे. प्रसन रॉय, एस. शेषाद्री, एस. सुदर्शन आणि सिद्धेश भोबे यांचा या विषयावरील निबंध २००० साली अमेरिकेतील डॅलस येथे भरलेल्या ‘सिग्मॉड’ परिषदेत सादर झाला. त्यांपैकी सुदर्शन हे पवईच्या संस्थेतील प्राध्यापक असून, सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले माहितीसाठ्यांवरील पाठ्यपुस्तक अनेक देशांत अभ्यासले जाते.

या संशोधकांनी तीन रीती तपासल्या. त्यांतील सर्वांत गुणकारी ठरलेली रीत सांगण्यास सोपी आहे. आरंभी काहीच सामाईक ठेवलेले नाही असे धरावे. मग प्रत्येक सामाईक भाग ठेवल्यास एकूण खर्चात किती बचत होईल ते काढावे. सर्वाधिक बचत देणारा भाग निवडावा. तो निवडला असे मानून उरलेल्या भागांची बचत पुन्हा काढावी, कारण एक भाग ठेवल्यानंतर दुसऱ्याची गरज बहुधा कमी होते. बचत संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

रीत सोपी असली, तरी दर पावलाला सर्व हिशेब नव्याने मांडणे फार खर्चाचे पडते. म्हणून त्यांनी तीन सुधारणा केल्या. जे भाग खरोखरच एकाहून अधिक ठिकाणी उपयोगी पडू शकतात, तेवढेच विचारात घ्यावयाचे. एखादा भाग निवडल्यावर जेथे फरक पडतो तेवढाच हिशेब दुरुस्त करावयाचा. आणि इतर भाग निवडले गेल्याने एखाद्याची बचत वाढत नाही असे धरून अनावश्यक फेरतपासणी टाळावयाची. या सुधारणांमुळे ही रीत व्यवहारात आणण्याजोगी झाली. त्यांच्या प्रयोगांत नियोजनास लागलेला वेळ वाचलेल्या वेळेच्या मानाने सोसण्याजोगा ठरला. कोठारातील पृच्छांना लागणारा वेळ मोठा असतो. त्यामुळे आधी थोडा विचार करण्याचा खर्च तेथे भरून निघतो.

कोणते गोषवारे जपून ठेवावेत

काही पृच्छा रोजच्या रोज येतात. त्यांच्यासाठी गोषवारा दर वेळी नव्याने न करता तयार ठेवता येतो. मग सर्वच गोषवारे तयार का ठेवू नयेत? या प्रश्नाचा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्यंकी हरिनारायण, आनंद राजारामन आणि जेफ्री उल्मन यांनी १९९६ सालच्या निबंधात केला.

त्यांनी व्यापारी नोंदींचे एक प्रमाण उदाहरण घेतले. वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक या तीन अंगांनी विक्रीचा हिशेब करावयाचा होता. तिन्ही अंगांचा पूर्ण तपशील ६० लाख ओळींचा होता. वस्तू आणि ग्राहक यांचा गोषवारा केला तर तोही ६० लाख ओळींचाच झाला. पुरवठादार आणि ग्राहक यांचाही तेवढाच. वस्तू आणि पुरवठादार यांचा गोषवारा मात्र ८ लाख ओळींत मावला. केवळ वस्तूंचा २ लाख, केवळ ग्राहकांचा १ लाख आणि केवळ पुरवठादारांचा १० हजार ओळींचा झाला. सर्व गोषवारे ठेवावयाचे तर सुमारे १ कोटी ९१ लाख ओळी साठवाव्या लागत. परंतु जे दोन गोषवारे मूळ तपशिलाएवढेच मोठे आहेत, ते ठेवून काय साधणार? त्यांचे उत्तर मूळ तपशिलातून तेवढ्याच श्रमाने मिळते. ते दोन वगळले की सुमारे ७१ लाख ओळी पुरतात, आणि एकाही पृच्छेचा वेळ वाढत नाही.

गोषवारे एक-एक करून, दर वेळी सर्वाधिक लाभाचा निवडत गेल्यास किती यश मिळते, याचेही गणित त्यांनी मांडले. अशा निवडीने मिळणारा लाभ सर्वोत्तम निवडीच्या लाभाच्या किमान ६३ टक्के असतो, हे त्यांनी सिद्ध केले. सर्व पर्याय न तपासताही फार मोठी चूक होणार नाही, असा भरवसा त्यामुळे मिळाला.

उशिरा येणाऱ्याची सोय

येथवर पृच्छा एकाच वेळी हाती आल्या आहेत असे धरले होते. व्यवहारात एक आता येते, दुसरी पाच मिनिटांनी. अशा वेळी रहाटाचे उदाहरण उपयोगी पडते. रहाटाची माळ सतत फिरत असते. घागर घेऊन मध्येच आलेल्या माणसासाठी ती थांबवून पहिल्या पोहऱ्यापासून सुरू करावी लागत नाही. तो येतो तेव्हा जो पोहरा वर आलेला असतो, तेथून त्याचे पाणी भरू लागते.

नोंदींचे वाचन चालू असता मध्येच आलेल्या पृच्छेस तेथूनच सामील करून घ्यावे, शेवटापर्यंत वाचन झाल्यावर पुन्हा आरंभाकडे वळावे आणि तिचा राहिलेला भाग भरून द्यावा, अशी ही योजना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्टाव्रोस हारिझोपुलोस, व्लादिस्लाव श्कापेन्युक आणि अनास्तासिया आयलामाकी यांनी २००५ साली मांडलेली ‘क्यूपाइप’ ही रचना अशा सामाईक कामावरच आधारलेली होती. तिच्यात चालू असलेल्या पृच्छांमधील समान काम हेरून ते एकदाच केले जाई.

जपून कोठे राहावे

आता सावधगिरीचे तीन मुद्दे पाहावयाचे.

पहिला मुद्दा सरासरीचा. गोषवाऱ्यातून गोषवारा काढताना सर्वच आकडे सारख्या रीतीने जोडता येत नाहीत. समजा, एका तालुक्यात १,००० कुटुंबांनी सरासरी २० किलो धान्य उचलले, आणि दुसऱ्यात १०० कुटुंबांनी सरासरी ३१ किलो. दोन सरासऱ्यांची सरासरी साडेपंचवीस किलो येते. परंतु प्रत्यक्ष उचललेले धान्य २०,००० आणि ३,१०० मिळून २३,१०० किलो आहे आणि कुटुंबे १,१०० आहेत. खरी सरासरी २१ किलो आहे. चुकीच्या सरासरीवरून पुढील महिन्याची मागणी नोंदविली, तर या दोन तालुक्यांसाठी ४,९५० किलो, म्हणजे साडेएकोणपन्नास क्विंटल धान्य उगाच अधिक येईल, आणि तेवढे दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे कमी होईल. म्हणून गोषवाऱ्यात सरासरी न ठेवता बेरीज आणि संख्या हे दोन्ही आकडे ठेवावेत. एप्रिलमध्ये ९०० कुटुंबे आली आणि मेमध्ये ९०० आली, म्हणून दोन महिन्यांत १,८०० कुटुंबे आली असेही म्हणता येत नाही. तीच कुटुंबे पुन्हा आलेली असतील. अशा प्रश्नासाठी मूळ नोंदींकडेच जावे लागते. कोणता आकडा वरच्या पायरीवर सरळ बेरजेने नेता येतो, कोणता दोन-तीन आकडे सोबत ठेवून नेता येतो आणि कोणता नेताच येत नाही, याचे वर्गीकरण जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली केले. या विषयात काम करणाराने ते डोळ्यांपुढे ठेवावे.

दुसरा मुद्दा शिळेपणाचा. साठविलेला गोषवारा केला त्या दिवसाचे चित्र दाखवितो. नंतर मूळ नोंदींत भर पडली वा दुरुस्ती झाली, तर गोषवाराही सुधारला पाहिजे. जितके गोषवारे अधिक, तितके हे काम अधिक. यास्तव प्रत्येक गोषवाऱ्यावर तो कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदींवरून केला आहे, हे ठळकपणे लिहिलेले असावे.

तिसरा मुद्दा एकवाक्यतेचा. एका कचेरीची पृच्छा रात्री एक वाजता चालली आणि दुसरीची चार वाजता, आणि मधल्या काळात नव्या नोंदी भरल्या गेल्या, तर दोन्ही अहवाल प्रामाणिक असूनही त्यांचे आकडे जुळत नाहीत. मग बैठकीत वाद होतात आणि कोणाचा तरी हेतू संशयास्पद ठरतो. एकाच फेरीतून निघालेल्या आकड्यांत हा दोष राहत नाही. सामाईक फेरीचा हा लाभ वेळेच्या बचतीहून कमी महत्त्वाचा नाही.

प्रत्येकाने करण्याजोगे

नियोजक यंत्रात बसविणे हे तज्ज्ञांचे काम आहे. तथापि यंत्रापर्यंत पृच्छा पोहोचण्यापूर्वीच पुष्कळ काही करता येते, आणि ते करण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

खातेप्रमुखांनी महिन्याअखेर निघणाऱ्या सर्व अहवालांची यादी एका कागदावर मांडावी. कोणते अहवाल एकाच गोषवाऱ्यातून निघू शकतात, ते त्या यादीवरून दिसू लागेल. ‘तालुका’, ‘महिना’ आणि ‘कुटुंब’ या शब्दांचा अर्थ सर्व कचेऱ्यांत एकच असेल, याची खात्री करावी. एका कचेरीचा महिना पहिल्या तारखेपासून आणि दुसरीचा सोळाव्या तारखेपासून सुरू होत असेल, तर कितीही चांगल्या नियोजकाला त्यांच्यात सामाईक असे फारसे काही सापडणार नाही.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज नेता येईल. हजेरीपट समोर ठेवून एका गटाने पाच प्रश्नांसाठी पाच वेळा पट वाचावा आणि दुसऱ्या गटाने एकदाच वाचून पाच रकाने भरावेत. सरासऱ्यांची सरासरी का चुकते, हेही मुलांना दोन वर्गांच्या गुणांवरून दाखविता येईल.

ग्रामस्थांनी आपल्या गावचा आकडा फलकावर लागला, की तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि तो बेरजेचा आहे की सरासरीचा, हे विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. कोठार जनतेच्या नोंदींनी भरलेले आहे, आणि त्यातून काय व कसे काढले जाते हे जाणण्याचा तिला अधिकार आहे.

चोवीस पृच्छांच्या त्या रात्रीकडे शेवटी पुन्हा वळावे. तेवीस पृच्छांची उत्तरे वेळेवर निघाली आणि एक राहिली, तर प्रपत्रांच्या हिशेबात ती रात्र बहुतांशी यशस्वी ठरेल. परंतु राहिलेली पृच्छा जर तीन महिने ज्यांच्या घरी धान्य गेले नाही त्यांची असेल, तर कोठार बांधण्याचा मुख्य हेतूच बाजूला राहिला असे म्हणावे लागेल. सामाईक काम एकदाच करून वाचविलेला वेळ या पृच्छेला मिळावा आणि सकाळी निघालेली ती यादी हाती घेऊन कोणीतरी त्या घरांची दारे ठोठवावीत, यासाठी हा सारा खटाटोप आहे.